मुंबईतले चतुर आणि टाचण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या ओढ्यांपासून पवईच्या काठापर्यंत भटकणाऱ्यांकडून चतुर (ड्रॅगनफ्लाय) आणि टाचणी (डॅमसेलफ्लाय) या पाण्याकाठच्या कीटकांबद्दल वर्षभर जे प्रश्न येत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्नांसोबत चतुराचा जवळून काढलेला फोटो असतो, आणि फोटोत पाणी कुठेच नसतं. आमचा उलट प्रश्न मात्र ठरलेला: पाणी कुठलं होतं? वाहतं की साचलेलं, सावलीतलं की उन्हातलं, स्वच्छ की गटाराचं? निम्मी ओळख तिथेच होते.

१. चतुर आणि टाचणी यांत फरक काय? मला दोन्ही हेलिकॉप्टरच वाटतात.

दोघेही ओडोनाटा या एकाच गणातले. चतुर अंगाने दणकट असतो, बसला की पंख आडवे पसरून ठेवतो आणि त्याचे मागचे पंख बुडाशी पुढच्यांपेक्षा रुंद असतात. डोळे एवढे मोठे की बहुतेकांच्या डोक्यावर ते एकमेकांना टेकतात. टाचणी बारीक, चारही पंख साधारण एकाच आकाराचे, बसली की ते पाठीवर मिटून घेते, आणि डोळे डोक्याच्या दोन टोकांना. चतुर मोकळ्यावर सुसाट उडतो, टाचणी गवतातून हळूहळू वाट काढते. हे नियम दहातल्या नऊ वेळा चालतात. दहाव्या वेळेसाठी प्रश्न १७ पाहा.

२. चावतो का? शेपटीला नांगी असते का?

नांगी नसते. शेपटीच्या टोकाला जे काटे दिसतात ते नराचे चिमटे. मिलनाच्या वेळी मादीला धरण्यासाठी (प्रश्न १०). काही माद्यांना तिथे अंडी घालायचं टोकदार अवयव असतं, तेही फक्त पाणवनस्पतीच्या देठाला भोक पाडण्यापुरतं. मोठा चतुर मुठीत धरलात तर तो जबड्याने चिमटा काढेल. तेवढा हक्क त्याला आहे.

३. मुंबईसारख्या शहरात जाती तरी किती असणार?

जगात सहा हजारांहून जास्त जाती आहेत, भारतात पाचशेच्या आसपास, आणि त्यांतला मोठा वाटा पश्चिम घाटाचा. मुंबई त्या घाटाच्या पायथ्याशी आहे, शहराच्या पोटात सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आहे आणि त्या जंगलात तलाव आणि ओढे आहेत. पावसाळा सरताना चांगल्या उन्हाच्या एका सकाळी उद्यानात दहा-पंधरा जाती दिसणं अवघड नाही. सोसायटीच्या आवारातही तीन-चार सापडतात, बघणाऱ्याने मान वर केली तर.

४. बघायला कधी जावं? पहाटे पक्ष्यांबरोबर निघालो तर एकही दिसला नाही.

पक्षीवाल्यांचं घड्याळ इथे उपयोगाचं नाही. चतुराला उडण्याआधी अंग तापवावं लागतं. ऊन पाण्यावर आलं की मग हालचाल सुरू होते. साधारण नऊ ते बारा हा चांगला वेळ. ढग आले की सगळे गायब, ऊन पडलं की पुन्हा हजर. हंगाम म्हणाल तर पहिल्या पावसानंतर सुरुवात होते, पण भर जुलैच्या झडीत फार काही हाती लागत नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबर उत्तम. मार्च-एप्रिलमध्ये ओढे आटतात, तेव्हा उरलेल्या डोहांवर गर्दी होते. संध्याकाळच्या जातींबद्दल प्रश्न २० मध्ये लिहिलं आहे.

५. मुंबईत नेमकं कुठे जाऊ? विहार आणि तुळशीला जाता येतं का?

विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे दोन्ही तलाव शहराच्या पिण्याच्या पाण्याचे आहेत, त्यामुळे काठावर सहज जाता येत नाही. परवानगीशिवाय प्रयत्न करू नका. पवई (१८९१) मोकळा आहे, त्याचं पाणी पिण्यासाठी वापरत नाहीत आणि रस्त्याच्या बाजूनेही बरंच दिसतं. पण पवईत मगरी आहेत. गवतात पाय घालून, डोळा कॅमेऱ्याला लावून बसायची ती जागा नव्हे.

राष्ट्रीय उद्यानात शिलोंड्याची वाट दहिसर नदीच्या कडेने जाते. ओढ्यावरच्या जातींसाठी मुंबईत याहून चांगली जागा आम्हाला माहीत नाही. तिथे उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रातून आधी परवानगी घ्यावी लागते आणि सोबत माहितगार लागतो. कान्हेरीला मात्र तिकीट काढून कुणीही जाऊ शकतं. लेण्यांखालून वाहणाऱ्या ओढ्याचे खडकातले डोह आणि लेण्यांबाहेरच्या पाण्याच्या पोढी (खडकात कोरलेली टाकी) दोन्ही बघा. लोक बुद्धमूर्ती बघतात आणि पोढीवर घिरट्या घालणारा चतुर सोडून देतात. उद्यान सोमवारी बंद असतं.

याखेरीज गोरेगावला फिल्मसिटीजवळचं बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) निसर्ग शिक्षण केंद्र, आरेतली डबकी आणि तबेल्यांमागची पाणथळ, धारावीच्या कडेचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. ठाणेकरांना येऊर, वसई-विरारवाल्यांना तुंगारेश्वर, पनवेलकडच्यांना कर्नाळा. पावसाळ्यात धबधब्यांवर अनेकदा बंदी असते आणि ती योग्यच असते. डोंगरात पाऊस पडला की ओढ्याचं पाणी काही मिनिटांत चढतं.

६. ओढ्यावर दिसणारे तलावावर का दिसत नाहीत?

कारण उडणारा चतुर हा त्याच्या आयुष्याचा शेवटचा तुकडा. त्याआधीचं सगळं आयुष्य अळी म्हणून पाण्याखाली गेलेलं असतं, आणि अळीला हवं तसंच पाणी लागतं. वाहत्या, थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. तिथे वाढणारी अळी दगडाला चिकटून राहायला किंवा वाळूत पुरून घ्यायला शिकलेली असते. तलावातली अळी शेवाळात आणि पाणगवतात लपते. अदलाबदल केली तर दोघीही फारशा टिकणार नाहीत. मादी अंडी घालायला आपल्या पाण्याकडेच येते, नर तिची वाट बघत तिथेच हद्द धरून बसतो. म्हणून एकेका पाण्याची मंडळी ठरलेली.

ओढ्यावर उन्हातल्या दगडावर गडद निळा-काळा नर बसलेला दिसला तर तो ट्रायथेमिस फेस्टिव्हा असण्याची शक्यता जास्त. सह्याद्रीतल्या दाट सावलीच्या ओढ्यांवर वेस्टालिस ही मोठी टाचणी असते: अंग धातूसारखं हिरवं, पंख काचेसारखे स्वच्छ, उठवली तर चार हात पुढे जाऊन पुन्हा सावलीतच बसते.

तलावावर चित्र बदलतं. पाण्यातून वर आलेल्या वाळक्या काठीच्या टोकावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा भरदार चतुर ठाण मांडून असेल तर तो इक्टिनोगोम्फस रॅपॅक्स. फुलपाखरासारखा तरंगत उडणारा, पिवळ्या-तपकिरी नक्षीच्या पंखांचा रायोथेमिस व्हेरिगाटा. नवखे लोक त्याला हमखास फुलपाखरूच समजतात. काठच्या गवतात हिरवट-पिवळा, काळ्या पट्ट्यांचा, बारीक कंबरेचा ऑर्थेट्रम सबिना. हा दुसऱ्या चतुरांनाही पकडून खातो, आपल्या जातभाईंनासुद्धा. भाताच्या खाचरांवर आणि उथळ दलदलीत न्यूरोथेमिस टुलिया, ज्याच्या नराचे अर्धे पंख काळे आणि मग पांढरा पट्टा.

दहिसर नदी या दृष्टीने बघण्याजोगी आहे. ती तुळशीकडून निघते, जंगलातून येते आणि उद्यानाची हद्द ओलांडली की वस्तीत शिरते. थोड्याच किलोमीटरमध्ये ओढ्यावरची मंडळी संपतात आणि पुढच्या प्रश्नातला चतुर सुरू होतो.

७. आमच्या इथल्या नाल्यावर खूप चतुर आहेत. म्हणजे पाणी स्वच्छ आहे का?

नाही हो. तो बहुधा ब्रॅकिथेमिस कंटामिनाटा असणार. नराचे पंख नारिंगी, उडणं पाण्यालगत, आणि घाण पाण्याचं त्याला वावडं नाही.  मुंबईत तो नाले, खाडीकडची डबकी आणि सांडपाणी मिसळलेले तलाव अशा सगळ्या ठिकाणी भरपूर आहे. एका जातीची झुंबड आणि बाकी कुणी नाही, असं दिसलं तर पाण्याबद्दल शंकाच घ्यावी. जातींची विविधता बघा आणि काठावर टाकलेल्या काती बघा (प्रश्न १३). उडता चतुर तीन किलोमीटरवरून आलेला असू शकतो, कात मात्र त्याच पाण्यातली असते.

८. लाल चतुराचा फोटो काढला आहे. नाव सांगाल?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न, आणि ‘लाल’ एवढ्यावर उत्तर देता येत नाही. मुंबईत लाल नर असलेल्या निदान अर्धा डझन जाती आहेत.

डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसारखा लालभडक, पाठीवरून शेपटीभर एक बारीक काळी रेघ, मागच्या पंखाच्या बुडाशी छोटा पिवळसर डाग: क्रोकोथेमिस सर्व्हिलिया. उघड्या, उन्हातल्या डबक्यांवर. लाल पण जांभळट-गुलाबी झाक असलेला, पंखांच्या शिरासुद्धा लालसर: ट्रायथेमिस ऑरोरा. हा ओढा आणि तलाव दोन्हींवर भेटतो. छाती गडद निळसर-राखाडी आणि फक्त शेपूट गुलाबी-लाल: ऑर्थेट्रम प्रुइनोसम, जंगलातल्या डोहांवर आणि पाण्याच्या टाक्यांवरही. पंखच गंजल्यासारखे तांबूस आणि फक्त टोकं पारदर्शक, बसायची जागा जंगलाच्या वाटेकडेची झुडपं: न्यूरोथेमिस फुल्व्हिया. मागच्या पंखाच्या बुडाशी गडद डाग आणि शेपटीच्या टोकाजवळ वर काळे ठिपके: उरोथेमिस सिग्नाटा, तलावाकाठच्या काठ्यांवर. आणि पंख नारिंगी असतील तर प्रश्न ७ मधला नालेवाला.

क्रोकोथेमिस आणि ट्रायथेमिस यांची गफलत सगळ्यात जास्त होते. छाती नीट दिसेल असा बाजूने काढलेला फोटो असेल तर ती टळते.

९. हे दोन एकाच जातीचे कसे? एक लाल, एक पिवळट तपकिरी.

नर आणि मादी. बहुतेक चतुरांत नर भडक आणि मादी मातकट असते. पण घोळ इथे संपत नाही: नुकता बाहेर आलेला नरही मादीच्याच रंगाचा असतो, काही दिवसांत रंग चढतो. ऑर्थेट्रमच्या काही जातींत नराच्या अंगावर वय वाढेल तशी निळसर भुकटी चढते, ती मिलनाच्या वेळी खरवडलीही जाते. म्हणून पिवळट चतुर दिसला की लगेच मादी म्हणू नका. शेपटीच्या मुळाशी, दुसऱ्या खंडाखाली फुगीर भाग दिसला तर तो नर.

टाचण्यांत आणखी एक गंमत. इश्नुरा सेनेगालेन्सिस या आपल्याकडच्या अगदी साध्या टाचणीत काही माद्या हुबेहूब नरासारख्या हिरव्या-निळ्या असतात. नरांचा सततचा पिच्छा त्यामुळे कमी होतो, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. अशा मादीला रंगावरून ओळखता येत नाही, शेपटीचं टोकच बघावं लागतं.

१०. दोन चतुर एकमेकांना धरून चाकासारखा आकार करून बसले होते. एक दुसऱ्याला खात होता का?

मिलन चालू होतं. नर शेपटीच्या चिमट्यांनी मादीला धरतो: चतुर डोक्याशी, टाचणी मानेमागे. त्याचं वीर्य शेपटीच्या टोकाला तयार होतं, पण मादीला देण्याचा अवयव असतो पोटाच्या मुळाशी, छातीजवळ. म्हणून आधी तो स्वतःची शेपूट वळवून वीर्य तिथे आणून ठेवतो आणि मग मादी आपली शेपूट पुढे वळवून त्या जागी जोडते. कीटकांत अशी रचना दुसरीकडे कुठे नाही.

नराचा तो अवयव आधीच्या नराचं वीर्य खरवडून बाहेर काढायच्याही कामी येतो. हे १९७९ साली अमेरिकेतल्या एका टाचणीवर दाखवलं गेलं, पुढे इतर अनेक जातींतही आढळलं. म्हणूनच मिलनानंतर कित्येक नर मादीला सोडत नाहीत. अंडी घालेपर्यंत धरून ठेवतात किंवा वरून पहारा देतात. पाण्यावर जोडीनं उडत शेपूट बुडवणारे जे दिसतात ते हेच.

११. पार्किंगमधल्या माझ्या गाडीच्या बॉनेटवर चतुर शेपूट आपटत होता. का?

ती मादी होती, अंडी घालत होती. पाण्याच्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश एका ठरावीक दिशेने ध्रुवीकृत झालेला असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेने हलतात, चतुराचे डोळे तो ओळखतात आणि त्यालाच पाणी समजतात. चकचकीत गडद रंगही तसाच प्रकाश परतवतो. लाल आणि काळ्या गाड्यांवर हे जास्त दिसतं. हंगेरीत दफनभूमीतल्या चकचकीत काळ्या दगडांवर चतुर पाण्यासारखेच घिरट्या घालतात, असं आढळलं आहे. आपल्याकडे टॉवरच्या काचा, पॉलिश केलेला ग्रॅनाइट आणि सौर पट्ट्या यांची भर पडते. तापल्या पत्र्यावरची अंडी अर्थात वाया जातात. गाडीवर आवरण घाला, एवढाच उपाय.

१२. अळी काय खाते? किती दिवस पाण्यात असते?

जे हलतं आणि तिला आवरतं ते सगळं: डासांच्या अळ्या, पाणकिडे, बेडकांची पिल्लं, लहान मासे, दुसऱ्या अळ्या. तिचा खालचा ओठ घडी घातलेल्या सांडशीसारखा चेहऱ्याखाली दुमडलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आलं की तो क्षणात पुढे फेकला जातो आणि पकडून परत येतो.

टाचणीच्या अळीला शेपटीला तीन पानांसारखे कल्ले असतात, त्यावरून ती लगेच कळते. चतुराच्या अळीचे कल्ले मात्र गुदमार्गाच्या आत असतात. ती पाणी आत घेते, प्राणवायू शोषते, बाहेर सोडते. संकट आलं की तेच पाणी जोरात फेकून पुढे उसळते.

काळ जातीवर आणि तापमानावर ठरतो. थंड प्रदेशात काही जातींना कित्येक वर्षं लागतात. आपल्याकडच्या पावसाळी डबक्यांत वाढणाऱ्या जातींना एवढी चैन परवडत नाही. प्रश्न १४ मधला पँटाला दीड-दोन महिन्यांत उरकतो. उडता चतुर मग काही आठवडेच जगतो.

१३. तलावाच्या भिंतीवर आणि गवतावर वाळलेली कवचं चिकटलेली आहेत, पाठीत फट आणि आत पांढरे धागे. मेलेत का?

नाही, ती काढून टाकलेली कात आहे. चतुराला कोष नसतो. पूर्ण वाढलेली अळी रात्री किंवा पहाटे पाण्याबाहेर चढते, पाठ उकलते आणि चतुर बाहेर येतो. पांढरे धागे म्हणजे श्वासनलिकांचं अस्तर, तेही कातीबरोबर सुटतं. हा एकच तास-दीड तास तो पूर्ण असहाय असतो. मुंग्या, कावळे, साळुंक्या यांना मेजवानी. असा ओला चतुर दिसला तर मदत म्हणून हात लावू नका, पंख कायमचे वाकडे होतात.

१४. पावसाळा संपता संपता हजारो पिवळे चतुर मैदानांवर, अगदी उंच टॉवरच्या गच्चीवरही दिसतात. एवढे अचानक येतात कुठून?

हा पँटाला फ्लॅव्हेसेन्स, जगात सर्वांत दूरवर पसरलेला चतुर. सोनेरी-पिवळा, मागचे पंख बुडाशी चांगले रुंद. पंख फार न हलवता तो वाऱ्यावर तासन्‌तास तरंगतो, म्हणून बसलेला क्वचितच सापडतो. बसला तरी काडीला लोंबकळून.

पावसाने तयार झालेल्या तात्पुरत्या डबक्यांत अंडी घालायची, डबकं आटायच्या आत मोठं व्हायचं आणि वाऱ्याबरोबर पुढच्या पावसाकडे निघायचं, हा त्याचा जीवनक्रम. मालदीवमध्ये काम करणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांच्या लक्षात आलं की ऑक्टोबरपासून तिथे हे चतुर लाखोंनी उतरतात, आणि मालदीवमध्ये तर गोड्या पाण्याचे साठे जवळपास नाहीतच. मग ते चाललेत कुठे? २००९ साली त्यांनी मांडलं की हे भारतातून निघून, ईशान्येच्या वाऱ्यांवर, हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेत जातात आणि पुढल्या पिढ्या नैऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर परततात. पूर्ण फेरी १४,००० ते १८,००० किलोमीटरची, साधारण चार पिढ्यांत. निघालेला चतुर स्वतः परत येत नाही, त्याची पतवंडं येतात.

तुमच्या गच्चीवरचा प्रत्येक पँटाला आफ्रिकेलाच चाललाय असं नाही. पण त्यांचे थवे दिसले की वारा कुठून आहे ते जरूर बघा.

१५. चतुर खाली उडायला लागले की पाऊस येतो, हे खरं का?

पावसाआधी हवा जड झाली की बारीक किडे जमिनीलगत येतात आणि त्यांच्या मागे चतुर. कधी कधी जमतं. पण ऑक्टोबरच्या कोरड्या संध्याकाळीही ते असेच खाली उडतात, तेव्हा चतुराच्या भरवशावर छत्री बाहेर काढू नका.

१६. शेपूट सरळ आभाळाकडे करून उलटा उभा राहिला होता. जखमी आहे का?

अंगावर येणारं ऊन कमी करत होता. सूर्य डोक्यावर आला की शेपूट त्याच्या रोखाने धरली म्हणजे अंगाचा कमीत कमी भाग तापतो. दुपारी ट्रायथेमिस ऑरोरा हे हमखास करतो.

१७. पंख मिटून बसलेला चतुर आणि पंख उघडे ठेवून बसलेली टाचणी, दोन्ही पाहिले. मग नियम कसला?

प्रश्न १ मधले नियम इथे मोडतात. नुकता कातीतून निघालेला चतुर पंख वाळेपर्यंत पाठीवर मिटूनच ठेवतो; पंखांना तेलकट चकाकी असेल तर तोच. लेस्टिस गटातल्या टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवतात. डोळ्यांचा नियमही सगळीकडे चालत नाही: इक्टिनोगोम्फस ज्या कुळातला आहे त्या कुळातल्या चतुरांचे डोळे एकमेकांना टेकत नाहीत. अशा वेळी मागच्या पंखाचं बूड बघा. ते रुंद असेल तर चतुर.

१८. ओढ्याकाठी झुडपात पूर्ण पांढरी, भुतासारखी टाचणी दिसली. दुर्मीळ आहे का?

दुर्मीळ नाही, कोवळी आहे. कोपेरा मार्जिनिपेस ही टाचणी बाहेर आल्यावर काही दिवस अशीच पांढुरकी असते. नंतर अंग काळपट होतं आणि नराचे पाय छान पिवळे. सावलीतल्या ओढ्याकाठी, साचलेल्या पाण्याजवळ बघा, दोन्ही रूपं शेजारी सापडतील.

१९. छातीखाली लाल मण्यांसारखं काहीतरी चिकटलं होतं. अंडी आहेत का?

पाण्यातल्या माइट्स, म्हणजे गोचिडीच्या नात्यातले परजीवी. चतुर अळीतून बाहेर पडताना ते त्याच्यावर चढतात, काही दिवस अंगरस शोषतात आणि तो पाण्यावर आला की उतरतात. थोडे असतील तर चतुराचं फार बिघडत नाही. उपटायला जाऊ नका.

२०. रात्री ट्यूबलाइटवर चतुर आला. चतुर रात्री उडतात का?

आधी तो चतुरच आहे का ते बघा. पावसाळ्यात दिव्यावर येणारा, लुळा उडणारा, ठळक आणि टोकाशी जाड मिशा असलेला कीटक हा मुंगीसिंह असतो. कोरड्या मातीत नरसाळ्यासारखे खड्डे करणाऱ्या अळीचं मोठं झालेलं रूप. चतुराच्या मिशा केसाएवढ्या, जवळजवळ न दिसणाऱ्या.

खरा चतुरही येतो. थोलिमिस टिलार्गा दिवसभर झुडपात लपून बसतो आणि संधिप्रकाशात पाण्यावर झेपावतो. नराच्या मागच्या पंखावरचा पांढरा ठिपका अंधारातही चमकतो. तो बघायला थांबायचं असेल तर शहरातल्या तलावाकाठी थांबा. जंगलाच्या वाटेवर अंधार पडेपर्यंत रेंगाळू नका, बिबट्यांची वेळ तीच.

२१. चतुर डास खातात ना? मग गच्चीवर टबात पाणी भरून चतुर वाढवले तर डेंग्यू जाईल का?

हेतू चांगला, उपाय उलटा. मोठे चतुर डास खातात, अळ्या डासांच्या अळ्या खातात, हे खरं. पण डेंग्यूचा एडिस कुंडीखालच्या ताटलीत, टायरमध्ये, झाकणभर पाण्यात आठवड्या-दीड आठवड्यात तयार होतो. तिथे चतुर पोचतच नाही. मलेरियाचा अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत वाढतो. तुमच्या टबात चतुर येण्याआधी डास येतील, आणि पालिकेची नोटीस डासांच्या मागोमाग.

सोसायटीत आधीच कमळाचा हौद असेल तर गोष्ट वेगळी. त्यात गप्पी मासे नसतील, काठाला आणि मध्ये पाणवनस्पती असेल, अर्धा दिवस ऊन असेल तर ब्रॅडिनोपिगा जेमिनाटा येण्याची चांगली शक्यता आहे. करडा, ठिपकेदार, सिमेंटच्या भिंतीला असा चिकटून बसतो की हात लागेपर्यंत दिसत नाही. मूळचा खडकातल्या पाण्याचा, मुंबईत त्याने हौद आणि टाक्या आपल्याशा केल्या. गप्पी असतील तर ते डासांच्या अळ्यांबरोबर चतुराच्या कोवळ्या अळ्याही खातात. दोन्ही एकदम जमत नाही. डासांची खरी भीती असलेल्या वस्तीत गप्पीच ठेवा, असं आमचं मत.

२२. आमच्या तलावाचं सुशोभीकरण झालं आणि चतुर कमी झाले. संबंध आहे का?

आहे. उभी सिमेंटची भिंत बांधली की अळीला चढून बाहेर यायला काठचं गवत उरत नाही. काठची वनस्पती ‘कचरा’ म्हणून काढली की टाचण्यांना अंडी घालायला देठ उरत नाहीत. जलपर्णीचा प्रश्न वेगळा: तिने अख्खा तलाव झाकला तर खाली प्राणवायू राहत नाही, म्हणून ती काढायलाच हवी. पण ती काढताना काठची लव्हाळी, पाणकणीसही उपटू नका, असं ठेकेदाराला कुणीतरी सांगावं लागतं. एक बाजू उतरती, मातीची, झाडोऱ्याची सोडा. तेवढ्याने बराच फरक पडतो, आणि ती बाजू भिंतीपेक्षा स्वस्त पडते.

२३. जवळ गेलं की उडतो. फोटोसाठी पकडून ठेवला तर चालेल का?

राष्ट्रीय उद्यानातून कुठलाही जीव पकडणं बेकायदा आहे, जाळीही नेऊ नका. आणि गरज नसते. काठीवर बसणारा चतुर उडाला तरी पुन्हा त्याच काठीवर येतो. तुम्ही जागचे हलू नका, वाकून बसा, सावली त्याच्यावर पडू देऊ नका. त्याचा एकेक डोळा हजारो भिंगांचा आहे, काही जातींत अठ्ठावीस हजारांपर्यंत, पण हळू हालचालीला तो फार बुजत नाही. एक फोटो वरून, एक बाजूने, एक शेपटीच्या टोकाचा. सोबत जागा आणि तारीख. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलात तर ओळख पटतेच, शिवाय नोंदही राहते.

शेपटीला दोरा बांधून उडवायचा खेळ अनेकांनी लहानपणी खेळला आहे. मुलांना तो शिकवू नका.

२४. खिडकीत मेलेला लाल चतुर सापडला. जपून ठेवला, पण आठवड्यात तपकिरी झाला. असं का?

आतला मऊ भाग कुजतो, त्याबरोबर त्वचेखालचे रंगही काळवंडतात. लाल, निळा आणि हिरवा लवकर जातो. काळे पट्टे, पंखांवरचे डाग आणि वेस्टालिससारखी धातूची चमक टिकते, कारण ती कवचातच असते. संग्रहालयांत नमुना अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून पाणी आणि चरबी काढतात, त्याने रंग बराच राहतो. पण अ‍ॅसिटोन लगेच पेट घेतो, घरी त्या भानगडीत पडू नका. सापडल्या दिवशीच फोटो काढा आणि मग कागदाच्या पाकिटात, मुंग्या लागणार नाहीत अशा कोरड्या जागी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत मुंबईच्या दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते.